जुगाराचा प्राध्यापक

विल्यम ईडिंग्टन हे नाव आपल्यापैकी फारसं कुणी ऐकलेलं नसणार. हा गृहस्थ १९६९ साली रिनोच्या नेवाडा विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवायला गेला आणि २०१३ साली वारला. मधली चाळीसेक वर्षं त्याने अभ्यास केला तो जुगाराचा. (हो, पगार घेऊन!) १९७४ साली त्याने जुगारावर पहिली परिषद भरवली, १९८९ मध्ये विद्यापीठात त्यासाठी वेगळी संस्थाच काढली. तोवर हा विषय पोलिसांचा नाहीतर कीर्तनकारांचा होता. याने विचारलं, पैसा येतो कुठून आणि जातो कुठे?

त्याचं एक म्हणणं मला फार पटतं. परगावचे लोक चार दिवस येऊन उधळून जातात तो कॅसिनो वेगळा, आणि घराच्या कोपऱ्यावरचं मशीन वेगळं. पहिल्यात गावात बाहेरचा पैसा येतो. दुसऱ्यात गावातलाच पैसा फिरतो आणि दुखणी मात्र गावात राहतात. आपल्याकडे १९७६ साली कॅसिनोचा कायदा झाला, तो कधी लागू झालाच नाही आणि २०२३ मध्ये रद्दही झाला. दरम्यान कोपऱ्यावरचं मशीन खिशात आलं, ते कुणाला विचारून?

आता चितेगाव. पैठण रोडवर, कारखान्यांच्या पट्ट्यातलं आमच्या मावशीचं गाव. मावसभाऊ कंत्राटावर कामाला. मोबाईलवर रमी खेळून त्याने गाडी घालवली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली तेव्हा मावशीने पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. दिवाळीत गेलो तर साहेबांच्या हातात आकड्यांचा चार्ट. म्हणजे मटका!

मटक्याचा इतिहास भारी आहे. न्यूयॉर्कहून मुंबईत तारेने येणाऱ्या कापसाच्या भावांवर आधी पैसे लागायचे. १९६१ मध्ये ते बंद झालं, मग १९६२ ला कल्याणजी भगत आणि १९६४ ला रतन खत्री यांनी आकडे काढायला सुरुवात केली. असो.

"दादा, तू सॉफ्टवेअरवाला. यातला पॅटर्न काढून दे ना," तो म्हणाला.

मी त्याच चार्टच्या मागे लिहून दाखवलं. आकडे दहा, लागला तर रुपयाला नऊ. म्हणजे दहाही आकड्यांवर एकेक रुपया लाव, दहा जातील, नऊ येतील. शेकडा दहा खाणाऱ्याचे. अमेरिकेतल्या रूलेटमध्ये ३८ घरं आणि एकास पस्तीस, तिथे कॅसिनो शंभरातले सव्वापाच घेतो. आपला मटका लास व्हेगसच्या जवळजवळ दुप्पट महाग!

त्याने हिशोब नीट वाचला. पटलाही. मग हळूच विचारलं, "पण दादा, महिन्याच्या पगारातून गाडी कधी सुटणार, ते पण मांड की."

तेही मांडलं. घरभाडं, मावशीची औषधं, पोरीची फी वजा जाता शिल्लक राहिली ती आकड्यात लिहायला मला लाज वाटली. चार्ट मात्र मी खिशात घालून आणलाय.