वजाबाकीवर चालणारं इंजिन

स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल शहरात १९३९ साली ब्राउन बोव्हेरी कंपनीनं वीजनिर्मितीसाठी एक गॅस टर्बाइन उभं केलं. त्याची चाचणी घेतली ती ऐंशीला टेकलेल्या ऑरेल स्टोडोला यांनी. त्या चाचणीतले आकडे मी हाताखाली येणाऱ्या प्रत्येक नव्या इंजिनिअरला लिहून दाखवतो. टर्बाइननं शक्ती दिली १५,४०० किलोवॉट, त्यातली ११,४०० कॉम्प्रेसरनंच खाल्ली, वीज हाती आली ४,०००. आता टर्बाइन तेवढंच देतंय, पण कॉम्प्रेसर पाच टक्के जास्त मागतोय असं धरा. ५७० किलोवॉट गेले. विजेचा सातवा हिस्सा! आजच्या यंत्रांत कॉम्प्रेसरचा वाटा साधारण निम्म्यावर आलाय, तरी हिशेब तोच आहे. म्हणूनच यातला एकेक भाग सुटा तपासून भागत नाही. सगळे मिळून कसे वागतात ते मांडावं लागतं, आणि संगणकावर ते मांडणं हेच माझं काम.

ज्या परिस्थितीसाठी इंजिन आखलं, तिथलं गणित कागदावरही सुटतं. खरी कसोटी तिथून ढळल्यावर लागते. यंत्रांची क्षमता १५ अंश सेल्सिअसला सांगायची पद्धत आहे. उरणच्या वायुविद्युत केंद्रासारख्या ठिकाणी मे महिन्यात ३५ अंशांची हवा आत येते, ती सहा-साडेसहा टक्के विरळ. ग्रिडला थेट जोडलेला संच मिनिटाला ३,००० फेऱ्यांशी बांधलेला, त्यामुळे वेग वाढवून भरपाई करता येत नाही. मग कॉम्प्रेसरनंतरचा नवा दाब किती?

मॉडेल आधी एक अंदाज धरतं. त्या दाबाला कॉम्प्रेसर किती हवा देईल, ते त्याच्या नकाशावरून, म्हणजे वेग, दाब आणि प्रवाह यांचं नातं दाखवणाऱ्या आलेखावरून वाचतं. इंधन जळून तापमान चढतं, वायू टर्बाइनपाशी येतो. तिथल्या नोझलच्या गळ्यात तो ध्वनीच्या वेगाला पोचलेला असतो, त्यामुळे दाब आणि तापमान कळलं की प्रवाह ठरूनच जातो. कॉम्प्रेसरनं दिलेली हवा आणि नोझल मागतंय तो प्रवाह जुळला नाही, की अंदाज सुधारायचा आणि पुन्हा फिरायचं. जुळलं की उत्तर हाती. विमानाच्या दोन शाफ्टच्या इंजिनात असे अनेक अंदाज एकाच वेळी जुळवावे लागतात, तिथे न्यूटनची जुनी पद्धत अजूनही कामाला येते.

या गणिताची खरी किंमत मला यंत्र बिघडताना कळली. समजा, कॉम्प्रेसरनंतरचा दाब दोन टक्के कमी दिसतोय. पाती खारट, धुळकट हवेनं माखली असतील, तर नोझलच्या त्याच नियमानं प्रवाहही घटलाच पाहिजे आणि वीजही उतरली पाहिजे. पण वीज, इंधन, एक्झॉस्टचं तापमान सगळं जागच्या जागी असेल, तर संशय कॉम्प्रेसरवर नाही, दाबमापकावर घ्यायचा. पहिल्या प्रकरणात कॉम्प्रेसर धुवायचा, दुसऱ्यात एक ट्रान्समीटर बदलायचा. मॉडेल नसेल तर पडद्यावरचा तो लाल आकडा दोन्ही वेळा सारखाच दिसतो.

मात्र कॉम्प्रेसरचा नकाशाच चुकीचा असेल, तर मॉडेल तितक्याच ठामपणे चुकीचं उत्तर देतं. निर्माते हे नकाशे सहसा देत नाहीत. मग दुसऱ्याच कुठल्या तरी कॉम्प्रेसरचा नकाशा ताणून-आवळून बसवला जातो, आणि चालू यंत्राच्या नोंदींशी तो ताडून पाहायला कुणाला सवड नसते. ही पद्धत मला अजिबात मान्य नाही. ज्याचा नकाशा ताडलेला नाही, त्या मॉडेलवर देखभालीचा एकही निर्णय घेऊ नये.

आणि मेकॅनिकलच्या विद्यार्थ्यांना एक विनंती. तयार सॉफ्टवेअर उघडण्याआधी एका शाफ्टच्या टर्बाइनचं मॉडेल पायथनमध्ये स्वतः लिहा. बाहेरचं तापमान १५ वरून ३५ करा, आणि कोणता आकडा किती हलला ते एकेक करून वहीत उतरवा.