आरशातली चांदणी

मानसशास्त्र म्हणजे दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं, एवढीच माझी समजूत. बारावीतल्या भाचीला प्रात्यक्षिकासाठी गिऱ्हाईक हवं होतं आणि मी रिकामाच सापडलो. तिने कागदावर दुहेरी रेघेची चांदणी काढली, पलीकडे आरसा उभा केला, माझा हात मला दिसू नये म्हणून मध्ये पुठ्ठा लावला. आरशात बघत दोन रेघांमधून पेन्सिल फिरवायची. "एवढंच?" मी म्हणालो. तिने मुकाट्याने मोबाइलवर वेळ लावली.

आडवी रेघ बरी गेली. मग कोपरा आला. पेन्सिल पुढे ढकलली तर आरशात ती माझ्याकडेच येऊ लागली. मागे ओढली तर लांब पळाली. तिरप्या रेघेवर हात थिजलाच. नुसता थरथरत एका जागी गिरगटा करत राहिला. "मामा, पेन्सिल उचलायची नाही हं," भाची म्हणाली, तोवर टोक मोडलं होतं.

कारणही तिनेच सांगितलं. समोरच्या आरशात डावं-उजवं जागच्या जागी राहतं, उलटतं ते जवळ आणि लांब. म्हणून आडवी रेघ सोपी. तिरपीत मात्र अर्धी सवय कामाला येते, अर्धी नडते. मिसरूड फुटल्यापासून आरशात बघून दाढी करतोय, पण हे कधी ध्यानात आलं नव्हतं.

मग 'पुढे म्हणजे मागे' असं मनात घोकत बसलो, तर आणखी बिघडलं. कंटाळून आंब्यांच्या भावाबद्दल बोलू लागलो आणि हात आपसूक वळायला लागला. नंतर तिने पेन्सिल डाव्या हातात दिली. ज्या हाताला धड सही येत नाही, तो उजव्याच्या पहिल्या खेपेपेक्षा बरा निघाला! वहीत याला 'अध्ययन संक्रमण' म्हणतात. मी 'उजव्याचा गुण डाव्याला लागणे' असं लिहून घेतलं.

खरा धक्का भाचीने पुढे सांगितलेल्या गोष्टीत होता. अमेरिकेतल्या हेन्री मोलेसनची अपस्मारासाठी 1953 साली मेंदूची शस्त्रक्रिया झाली. मेंदूच्या दोन्ही बाजूंना असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागाचा बराचसा हिस्सा काढला गेला आणि नवं काही त्याच्या लक्षात राहीना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला हीच चांदणी तीन दिवस काढायला लावली. दर वेळी त्याला वाटे, आपण हे पहिल्यांदाच करतोय. चुका मात्र दिवसागणिक कमी होत गेल्या. म्हणजे घटना लक्षात ठेवणारी स्मृती वेगळी, हाताला वळण लावणारी वेगळी. दुसरीला 'प्रक्रियात्मक स्मृती' म्हणतात. मोलेसन 2008 साली वारला. तोवर जग त्याला फक्त 'एच. एम.' म्हणून ओळखत होतं.

तुम्हीही करून बघा. आरसा भिंतीला नीट टेकवा, दोन-तीन पेन्सिली टोक करून ठेवा, आणि घरातल्या पोरांना आधी खेळायला पाठवा.