वेगळे मीटर
चुली वेगळ्या झाल्या की घर मोडते म्हणतात. मीटर वेगळे झाले की घर टिकते, असे माझे मत आहे.

लाखनीला दोन बिऱ्हाडे आणि आम्ही, मिळून एकच मीटर होते. मेच्या उन्हात कुणाचा पंखा किती वेळ फिरतो, तिकडे सगळ्यांचे कान!

महावितरणचा घरगुती दर पायऱ्यांनी चढतो. महिन्याची पहिली १०० युनिटे स्वस्त, पुढची महाग. ८०-८० युनिटांत भागवणारी तीन काटकसरी घरे एका मीटरवर मात्र २४० युनिटांचे एक उधळे घर ठरतात.

२००३ च्या वीज कायद्यानुसार जोडणी मालकच नव्हे, तिथे राहणाराही मागू शकतो. आम्ही तीन मीटर घेतले. स्थिर आकार तीनदा भरावा लागतो खरा. पण संशयाचा आकार बिलातून कायमचा गेला.