डोंगरीचे दार

मुंबईत सँडहर्स्ट रोड स्थानकावर उतरून डोंगरीच्या गजबजलेल्या रस्त्यांनी चालू लागले, म्हणजे उमरखाडीत एक जुनी वास्तू लागते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती तुरुंग म्हणून उभी राहिली. कोल्हापूर प्रकरणात झालेली शिक्षा भोगण्यासाठी १८८२ साली टिळक आणि आगरकर येथेच आले. १०१ दिवसांनी ते सुटले, आगरकरांनी त्या दिवसांची हकीकत लिहिली आणि डोंगरीचे नाव मराठी घराघरांत पोचले.

आज त्याच वास्तूत मुलांचे निरीक्षणगृह आहे. हा पालट सावकाश घडला. १८५७ साली मुंबईत स्थापन झालेल्या डेव्हिड ससून यांच्या संस्थेने वाट चुकलेल्या मुलाच्या हाती बेडीऐवजी अवजार देण्याचा पायंडा पाडला. पुढे १९२४ साली मुंबई इलाख्यात मुलांसाठी स्वतंत्र कायदा झाला, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी निघाली. उमरखाडीचे हे गृह तीच संस्था चालवते.

प्रवाशाला हे दार उघडत नाही, आणि ते योग्यच आहे. कारण आतल्या मुलाची ओळख जगापुढे येऊ नये, अशी कायद्याची आज्ञा आहे. त्याला गुन्हेगार न म्हणता ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतात. चौकशी चालू असेतोवर त्याला येथे ठेवतात. त्या काळात परिविक्षा अधिकारी त्याचे घर, शाळा आणि सोबती यांची माहिती घेतो. निर्णय करते बाल न्याय मंडळ. त्यात एक दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असून त्यांपैकी एक तरी स्त्री असते. मंडळाला आवश्यक वाटल्यास मुलाला विशेषगृहात पाठवतात, तेही जास्तीत जास्त तीन वर्षे. तेथे शिक्षण आणि हातचा धंदा, दोन्हींची सोय असावी लागते.

२०१५ चा कायदा आणखी पुढे जातो. निवडक घोर प्रकरणे सोडली, तर मुलाच्या दोषाची नोंदच पुढे नष्ट करावयाची असते. कागद अशा रीतीने कोरा होतो; शेजाऱ्यांची आठवण मात्र कोणताही कायदा पुसू शकत नाही. सुटून आलेल्या मुलाला वर्गात कोणाशेजारी बसवावयाचे, दुकानात कामाला ठेवावयाचे की नाही, हे प्रश्न मंडळापुढे जात नाहीत. ते आपल्याच ओसरीवर सुटतात. आपण दार लावून घेतले, तर त्याला पुन्हा जुनेच सोबती तेवढे उरतात. डोंगरीच्या तुरुंगाचे गृह व्हावयास शंभराहून अधिक वर्षे लागली. त्या मुलाजवळ इतकी सवड नाही.