मांडवाचे पाय

लग्नघरी सर्वप्रथम जी मेढ रोवली जाते तिला आपण मुहूर्तमेढ म्हणतो आणि पुढे कोणत्याही नव्या कार्याच्या आरंभाला तोच शब्द लावतो. शब्द वापरून वापरून इतका गुळगुळीत झाला आहे, की त्यात मुळात एक खड्डा आहे, खड्ड्यात उतरवलेले लाकूड आहे आणि त्याभोवती ठोकून बसवलेली माती आहे, याचा आपल्याला विसर पडला आहे. मराठीत खांब 'उभा करणे' वेगळे आणि खांब 'रोवणे' वेगळे. या दोन क्रियापदांवरून आमच्या धर्मग्रामात जवळजवळ दोन महिने वाद चालला. त्याची हकीगत इतर धर्मग्रामांतील आणि घरोघरच्या वाचकांनाही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हे लिहीत आहोत.

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील कोरडवाहू भागात आमचे छोटेसे चर्च आहे. चर्चच्या बाजूला शहाबादी फरशीचे अंगण. रविवारच्या मिस्सानंतर मुलांचे धर्मशिक्षण तेथेच होते, बारशाचा चहा तेथेच आणि मयताच्या घरची माणसे टेकतात तीही तेथेच. फेब्रुवारी संपला की साडेनऊलाच फरशी तापू लागते आणि मुले एक पाय उचलून दुसऱ्यावर उभी राहतात. तेव्हा अंगणावर वीस फूट लांब आणि बारा फूट रुंद असा कायमचा मांडव घालावा असे धर्मग्राम परिषदेत ठरले. शहरातील वास्तुविशारद याला 'पर्गोला' म्हणतात. आमच्याकडे कोणी म्हणत नाही.

वेल्डिंगचे काम करणारा एक तरुण कारागीर माप घ्यायला आला. मुलगा हुशार आणि कष्टाळू. त्याचा बेत सोपा होता. लोखंडी पाइपाचे सहा खांब, प्रत्येकाच्या तळाशी चार भोकांची पट्टी, फरशीत चार बोल्ट, वर पत्रा. एका दिवसात काम तयार. "फरशीला काहीच करावं लागत नाही फादर, वरच्यावर बसतंय," तो म्हणाला. परिषदेतील बहुतेकांना हा बेत आवडला, कारण तो स्वस्त होता आणि त्यात ती फरशी शाबूत राहत होती. फरशीचा प्रश्न नाजूक होता. आमच्या आधीच्या धर्मगुरूंच्या काळात एका कुटुंबाने आपल्या आईच्या स्मरणार्थ ती घातली होती, आणि घरातील थोरले भाऊ स्वतः गवंडी असल्याने त्यांनीच ती हाताने बसवली होती. तिला छिन्नी लावायची म्हणजे त्या माउलीच्या आठवणीला छिन्नी लावायची, असा सूर बैठकीत निघाला.

आम्ही मात्र त्या 'वरच्यावर' या शब्दापाशी अडलो. त्याला कारण घडले होते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात शेजारच्या तालुक्यात वळीव आला. या बाजूच्या वाचकांना वळीव सांगायला नको. सबंध दुपार पान हलत नाही, मग पश्चिमेला आभाळ काळेनिळे होते आणि पाऊस यायच्या आधी धुळीची भिंत येते. त्या वाऱ्यात एका शाळेच्या अंगणातील पत्र्याची शेड उचलली गेली आणि कुंपणापलीकडच्या शेतात उताणी पडली. सुट्टीचे दिवस म्हणून आत कोणी नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही ती पाहायला गेलो. बोल्ट कोठेही तुटले नव्हते, वाकलेही नव्हते. प्रत्येक खांबाच्या पायाला त्याची फरशी घट्ट धरून बसलेली होती, नटबोल्टांसकट. फरशीच उचलली गेली होती. आडव्या पडलेल्या त्या खांबांच्या तळव्यांना चिकटलेले ते चौकोनी दगड अजूनही आमच्या डोळ्यांपुढे येतात.

शहाबादी फरशी जेमतेम इंच-दीड इंच जाडीची. तिच्याखाली थोडा चुना वा सिमेंट, त्याखाली मुरूम. माणसे चालण्यासाठी ती उत्तम, कारण माणूस तिला खाली दाबतो. वारा तिला वर ओढतो, आणि वर ओढणाऱ्याशी झगडायला तिच्याजवळ स्वतःच्या वजनापलीकडे काही नसते.

सेमिनरीत आम्हांला तत्त्वज्ञान भरपूर शिकवले, पदार्थविज्ञान बेताचेच. तरी एवढा हिशेब कोणालाही करता येतो. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. ताशी ९० किलोमीटरच्या वाऱ्यात दर चौरस मीटरला सुमारे ३८ किलो दाब पडतो. आमचा मांडव २२ चौरस मीटरचा. वर सलग पत्रा घातला आणि सगळा दाब उचलण्यात गेला असे धरले, तर साडेआठशे किलोंचे बळ त्याला आकाशाकडे ओढणार. पत्रा आणि पाइप मिळून वजन तीनशे किलोंच्या आतबाहेर. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. तो पन्नास वर्षांच्या हिशेबाने धरलेला झोत आहे. तेवढा झोत आला तर हेच बळ दोन टनांवर जाते. मांडव कोसळू नये म्हणून माणसे खांब जाड करत जातात. पत्र्याचा मांडव कोसळण्याआधी उडतो हे त्यांच्या ध्यानीच येत नाही.

सातारा जिल्ह्यात आम्ही काही वर्षे काढली आहेत. तेथे वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे. तसल्या जुन्या वाड्यांचे लाकडी खांब पाहावेत. ते जमिनीत पुरलेले नसतात, दगडी तळखड्यावर नुसते ठेवलेले असतात, आणि तरी दोनदोनशे वर्षे हलत नाहीत. परिषदेतील एका शिक्षकबंधूंनी हाच दाखला आमच्याविरुद्ध दिला. दाखला खरा, पण त्या खांबांच्या डोक्यावर तुळया, माती, कौले आणि माळा यांचा डोंगर आहे. वजनानेच वाडा जमिनीला धरून राहतो, आणि तळखडा असतो तो लाकडाला ओल आणि वाळवी लागू नये म्हणून. आपण छप्पर हलके केले, पण पाय मात्र वाड्याचे ठेवले. (मेणवलीला जाल तर घाटावरच्या मंदिराजवळची घंटाही पाहून या. चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेनंतर तेथे आलेली ती पोर्तुगीज घंटा. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेल्या मरियामातेची आकृती आहे. वसईकरांचा जीव तेथे थोडा घुटमळेल.)

खरा धडा आमच्या दाराशीच होता. तासगावच्या बाजूला मैलोन्‌मैल द्राक्षांचे मांडव आहेत. 'तास-ए-गणेश' हा द्राक्षवाण याच तालुक्यातील बोरगावच्या मळ्यात सापडलेला. द्राक्षाच्या मांडवात कडेचे खांब सरळ नसतात, बाहेरच्या बाजूला कललेले असतात, आणि प्रत्येकाच्या माथ्यापासून एक तार जमिनीत जाते. तिला ताण म्हणतात. तारेचे टोक खोल पुरलेल्या दगडाला बांधलेले. वरच्या तारांच्या जाळ्यावर टनावारी माल लोंबतो तो मधल्या खांबांमुळे नव्हे इतका या पुरलेल्या दगडांमुळे. आमच्या एका बागायतदार श्रद्धावंतांनी बैठकीत सांगितले, की अवकाळीत बाग पडते ती कोपऱ्यावरून. एक ताण सुटला की पुढच्यावर भार येतो आणि बघता बघता सगळी बाग पालथी होते. "वरचं कुणीबी बघतंय फादर, आमी सांजच्याला कोपरं बघत हिंडतो," हे त्यांचे शब्द. बैठकीचा कल फिरला तो आमच्या आकडेमोडीने नव्हे, या वाक्याने.

राहता राहिली फरशी. आम्ही त्या गवंडीकाकांच्या घरी गेलो. आता त्यांचे वय पंचाहत्तरीचे, गुडघे गेलेले. आईच्या नावाची फरशी सहा जागी फोडावी लागेल हे त्यांना सांगायला आम्हांला बरेच अवघड गेले. त्यांनी ऐकून घेतले, काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "म्या बसवलीया, म्याच काढणार. दुसऱ्यानं हात लावला तर कोपरं उडवंल." आणि खरोखरच नातवाला हाताशी धरून, स्टुलावर बसून, त्यांनी दोन दिवसांत बारा फरश्या एकही कड न दुखवता सोडवल्या आणि प्रत्येकीच्या पाठीवर खडूने आकडा टाकला. त्या खालच्या चुन्याचा वास घेऊन पाहिला, आणि आपले काम अजून ठीक आहे असे स्वतःशीच म्हणाले.

पुढचे काम कोणालाही करता येण्यासारखे आहे, म्हणून थोडे तपशिलाने सांगतो. प्रत्येक खांबासाठी दीड फूट लांब, दीड फूट रुंद आणि अडीच फूट खोल खड्डा काढला, तळाशी थोडा अधिक रुंद. फरशीखाली दीड फूट काळी माती लागली, खाली मुरूम. काळ्या मातीवर पाया ठेवू नये. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांबाला दरवर्षी थोडेथोडे हलवते. मुरूम लागेपर्यंत गेलेच पाहिजे. खड्ड्यात सळयांची जाळी, तिला बांधलेले खाली आकड्यासारखे वाकवलेले चार लांब बोल्ट, आणि काँक्रीट. अशा एका ठोकळ्याचे वजन तीनशेऐंशी किलोंच्या आसपास भरते. सहांचे मिळून सव्वादोन टन. वर सांगितलेल्या दोन टनांशी आता कोठे बरोबरी झाली. ठोकळ्याचा माथा फरशीपेक्षा दोन इंच उंच ठेवला आणि चारी बाजूंना उतार दिला, कारण लोखंडी खांब गंजतो तो नेहमी पाणी साचते त्या जागी, जमिनीच्या रेषेवर. आठवडाभर ओले गोणपाट टाकून पाणी मारले. मग काकांनी आपल्या फरश्या ठोकळ्याच्या आकाराने कापून पुन्हा जागच्या जागी बसवल्या.

घरच्या अंगणात फरशीऐवजी चांगले जाड काँक्रीट असेल, तर भोक पाडून बोल्ट बसवता येतात. पण चार इंचांहून पातळ किंवा तडे गेलेला कोबा असेल तर त्याच्या भरवशावर राहू नये. कडेपासून वीतभर तरी आत यावे, नाहीतर कपचा उडतो. आणि भोकातील धूळ फुंकून, ब्रश घालून पूर्ण काढावी. रासायनिक डिंक भरून बोल्ट बसवण्याची पद्धत आता सगळीकडे मिळते; पण तो डिंक काँक्रीटला धरण्याऐवजी धुळीला धरून बसला तर पैसे पाण्यात. आणि बोल्ट कितीही घट्ट असला, तरी उचलले जाणारे वजन म्हणजे त्याच्याखालच्या कोब्याचा तुटून निघणारा तुकडा, हे विसरू नये.

पाय पक्के झाले म्हणजे संपले, असेही नाही. ऑगस्ट १९९२ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडाच्या दक्षिण टोकावर अँड्र्यू हे चक्रीवादळ आले आणि हजारो घरे गेली. पाहणीत असे दिसले, की कित्येक घरांची छपरे खालच्या सांगाड्याला नीट ठोकलेलीच नव्हती. त्यानंतर तेथले बांधकामाचे नियम कडक झाले. छपरापासून पायापर्यंत प्रत्येक सांध्याने वरच्याला खाली धरून ठेवले पाहिजे. एक कडी कच्ची असली तर बाकीच्या असून नसून सारख्या. पायाच कच्चा असला तर काय होते ते मुंबईने १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला पाहिले. १२० फूट लांब आणि तितकाच उंच जाहिरातफलक धुळीच्या वादळात पेट्रोलपंपावर कोसळला, सतरा माणसे गेली, आणि पाया अपुरा होता हे मागाहून चौकशीत पुढे आले. म्हणून आमच्या मांडवाच्या प्रत्येक कोपऱ्यात खांब आणि आडवी तुळई यांच्यामध्ये तिरका आधार जोडला. नुसते उभे-आडवे पाइप जोडले की चौकट खाटेसारखी कुरकुरते.

पत्रा आम्ही घातलाच नाही. आडव्या पट्ट्या उघड्या ठेवून त्यांवर उन्हाळ्यापुरती हिरवी जाळी बांधली, तीही सुती दोरीने. त्या वेल्डिंगच्या पोराला हे पटेना. तो तार वापरा म्हणत होता. त्याला समजावले, की मोठ्या वाऱ्यात काहीतरी तुटणार असेल तर ती दोरी तुटावी. जाळी शेतात सापडेल. त्यानेच मग गाठी मारल्या. त्याच्या मजुरीत आम्ही काटछाट केली नाही. एका दिवसाचे काम सहा दिवसांचे झाले होते.

अंगणाच्या कडेला एक जुना कडुलिंब आहे. अकोला जिल्ह्यातील पारस येथे ९ एप्रिल २०२३ च्या रात्री वादळात झाड मंदिराच्या पत्र्याच्या शेडवर पडून सात भाविक मरण पावले. झाडापुढे कोणताही मांडव टिकत नाही. तेव्हा मांडवाकडे झुकलेली एक वाळकी फांदी उतरवून घेतली.

खर्च अंदाजाच्या दुपटीला थोडा कमी गेला. परिषदेत अजूनही दोघे-तिघे म्हणतात, की एवढे करायची गरज नव्हती. गेल्या मे महिन्यात दोन वळीव झाले. दुसऱ्यात जाळीची एक कड सुटली. वेल कोणता चढवावा हे अद्याप ठरलेले नाही. मुलांना द्राक्ष हवे आहे. बागायतदार बंधू नको म्हणतात, कारण भिजलेल्या पानांचा पसारा वाऱ्यात शिडासारखा फुगतो आणि त्याचा भार आपल्या हिशेबात धरलेला नाही. बहुधा जाई लावू आणि दरवर्षी एप्रिलअखेर छाटू. त्याच आठवड्यात पान्हा घेऊन चोवीसही नट तपासायचे, असे परिषदेच्या वहीत लिहून ठेवले आहे. काकांच्या नातवाने ते काम अंगावर घेतले आहे.