वत्सगुल्मातील गोल्फची सहल

प्रवासवर्णन लिहावयाचे म्हणजे मनुष्याने निदान काशी-रामेश्वरापर्यंत जाऊन यावे, अशी वाचकांची अपेक्षा असते. आणि ती वावगी आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु आमचा हा प्रवास वाशीमपासून शिरपूरच्या वाटेवरील एका शेतापर्यंतचा, म्हणजे सकाळी निघून दिवेलागणीच्या आत घरी येण्याइतकाच होता. एवढ्याशा वाटचालीत सांगण्यासारखे काय घडले, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, पस्तीस वर्षे शिक्षकी करून जो पाठ आम्हांस आला नव्हता, तो त्या शेतात मिळाला.

प्रथम गावाविषयी थोडे सांगितले पाहिजे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. ज्यांच्या काळी अजिंठ्याची कितीएक लेणी खोदली गेली, त्या वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. राजशेखराने आपल्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरीत लाविला असून तिला मदनाचे क्रीडास्थान म्हटले आहे. त्या क्रीडेशी आमच्यासारख्या साठी उलटलेल्यांना कर्तव्य नाही. तथापि ‘क्रीडा’ हा शब्द या गावाच्या नावाशी हजार वर्षांपासून जोडला गेला आहे, एवढे मात्र खरे. पुढे राजधानी गेली. इंग्रजी अमलात हे जिल्ह्याचे ठाणे होते, तेही १९०५ साली मोडून अकोल्यात सामील झाले. दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ साली येथे सापडला, तेव्हा कोठे वाकाटकांची ही शाखा विद्वानांस नीट कळली; आणि जिल्ह्याचा मान परत मिळण्यास १ जुलै १९९८ हा दिवस उजाडावा लागला. सारांश, विसरले जाणे आणि उशिरा आठवले जाणे, या दोन्ही गोष्टींची आमच्या गावास सवय आहे.

पद्मतीर्थाच्या काठी रोज सायंकाळी आमची चौघांची बैठक असते. एक वकील, एक डॉक्टर, एक पोस्टमास्तर आणि आम्ही, चौघेही निवृत्त. राजकारणाने रक्तदाब वाढतो असे डॉक्टरांचे मत पडल्यामुळे बैठकीचा विषय बहुधा खेळाच्या बातम्या हाच असतो. आमच्या लहानपणी मुंबई-पुण्याची वर्तमानपत्रे येथे शिळी होऊनच पोहोचत. तरी वि. वि. करमरकरांचे क्रीडापान वाचण्यासाठी वाचनालयात रांग लागे, आणि बाळ ज. पंडितांचे मराठी धावते समालोचन ऐकावयास एकेका रेडिओभोवती अर्धी आळी जमे. पंडित २०१५ साली गेले, करमरकर २०२३ साली. अलीकडे विदर्भाने रणजी करंडक २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा जिंकला, तेव्हा पोस्टमास्तरांनी तिन्ही खेपेस पेढे वाटले. ज्याला सगळे दुबळा प्रांत म्हणून हिणवीत त्याचे दिवस पालटलेले आपण डोळ्यांनी पाहिले, या आनंदाला वय नसते.

गेल्या पावसाळ्यानंतर डॉक्टर परदेशी मुलाकडे चार महिने राहून आले आणि येताना गोल्फची एक काठी व सहा चेंडू घेऊन आले. तेथे म्हणे चिरंजीव दर रविवारी त्यांस मैदानावर नेत असत. त्या दिवसापासून बैठकीत गोल्फखेरीज दुसरे काही बोलावयाची सोय राहिली नाही. स्कॉटलंडात सेंट अँड्र्यूज येथे १७६४ सालापासून अठरा गलींचा रिवाज पडला. कलकत्त्याचा क्लब तर १८२९ सालचा. अशी माहिती ते रोज थोडी थोडी पाजीत. ‘‘गल आणि दांडू आमच्याकडेही आहे,’’ असे पोस्टमास्तर म्हणाले. त्यावर ‘‘मग एकदा खेळूनच पाहू,’’ असे ठरले. वाशीमात तशी हिरवळ कोठली? तेव्हा शिरपूरच्या वाटेवर आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे शेत होते, तेथे जावयाचे निश्चित झाले. अनायासे शिरपुरास अंतरिक्ष पार्श्वनाथाचे दर्शनही घडेल, असे वकीलसाहेबांनी सुचविले.

दिवाळी पंधरा दिवसांवर आली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस सोयाबीन निघून वावरे मोकळी झाली होती आणि बांधाकडेला कुटाराचे ढीग दिसत होते. तूर तेवढी उभी. तिच्या पिवळ्या फुलांवर सकाळचे ऊन पडले होते. शिरपुरास ती प्राचीन मूर्ती पाहिली. ती भूमीस न टेकता अधांतरी राहिली आहे, अशी जैन बांधवांची श्रद्धा आहे. तेथून आम्ही शेतावर आलो. आमचा विद्यार्थी आता पन्नाशीचा, दोन मुलांचा बाप झालेला. परंतु धावत येऊन त्याने पायांवर डोके ठेविले, ते शाळेतल्याप्रमाणेच.

खेळाचे वर्णन थोडक्यात करणे हेच आमच्या अब्रूच्या दृष्टीने बरे. विद्यार्थ्याने पहारीने एक गल करून दिली. डॉक्टरांनी पवित्रा घेतला, काठी फिरविली, आणि मूठभर काळी माती उडाली. चेंडू जागीच राहिला. वकीलसाहेबांचा चेंडू तुरीत गेला तो अद्याप तेथेच असावा. आमचा चेंडू मात्र सरळ गलीच्या रोखाने निघाला व सर्वांनी श्वास रोखून धरला. इतक्यात तो जमिनीच्या भेगेत शिरून दिसेनासा झाला. पावसाळा सरला की काळ्या जमिनीस भेगा पडतात, हे गोल्फच्या शास्त्रकारांस ठाऊक नसावे. शेवटी आमच्या विद्यार्थ्याची तेरा-चौदा वर्षांची मुलगी आली. तिने काठी बाजूस ठेवून तुरीचा एक सोट घेतला, चेंडू विटीसारखा वर उडविला आणि असा टोला दिला की, तो शेजारच्या वावरात जाऊन पडला. तो आणावयास ती धावली, ती काय धावली! आमचे बोलणेच थांबले.

दुपारी कडुलिंबाखाली भाकरी, झुणका व ठेचा यांवर ताव मारल्यानंतर गप्पांना रंग चढला. डॉक्टरांनी अर्नोल्ड पामर या गोल्फपटूची गोष्ट काढली. तो २०१६ साली सत्त्याऐंशी वर्षांचा होऊन गेला. त्याचा बाप गोल्फच्या मैदानाचा राखणदार होता, आणि सभासद मंडळी येण्यापूर्वी किंवा गेल्यानंतरच त्या पोरास तेथे खेळावयास मिळे. त्यावर वकीलसाहेब म्हणाले, ‘‘मग आपला एकनाथ सोलकर कोण होता? मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या माळ्याचाच तो मुलगा. सत्तावीस कसोट्यांत त्रेपन्न झेल घेऊन २००५ साली सत्तावन्नाव्या वर्षी गेला.’’ मग नागपूरच्या सी. के. नायडूंनी १ डिसेंबर १९२६ रोजी एम. सी. सी. विरुद्ध अकरा षटकारांसह काढलेल्या १५३ धावा निघाल्या. आणि त्याच इंग्लिश पाहुण्यांविरुद्ध पुढे प्रा. दि. ब. देवधरांनी काढलेल्या १४८ धावाही निघाल्या. देवधर पुण्यास संस्कृत शिकवीत, हे आम्ही अर्थातच अभिमानाने सांगितले. पन्नाशीच्या उंबरठ्यावर मुंबईविरुद्ध २४६ धावा करणारा, महाराष्ट्रास लागोपाठ दोनदा रणजी करंडक मिळवून देणारा आणि एकशे एक वर्षे जगून १९९३ साली गेलेला तो पंडित!

परंतु खेळाडूंच्या आठवणी काढू लागले म्हणजे सगळ्याच गोड निघतात असे नाही. पोस्टमास्तर म्हणाले, ‘‘पाळवणकर बाळूंचे काय? १९११ साली इंग्लंडात ११४ गडी बाद केले. पण पुण्यास खेळताना त्यांचा चहा बाहेर, मातीच्या पेल्यात. आणि हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांस कधी दिले नाही.’’ कोणी काही बोलले नाही. पुढे १९२३ साली त्यांचे बंधू विठ्ठल कर्णधार झाले व संघ विजयी झाला, हे खरे. परंतु तो मातीचा पेला कोणाच्या हातून पुढे होत होता, हे या मासिकाच्या वाचकांस आम्ही वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. आमच्याच आजोबा-पणजोबांच्या पिढीची ती गोष्ट.

मग खाशाबा जाधवांचे नाव निघाले. हेलसिंकीस १९५२ साली त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे मिळण्यास १९९६ साल यावे लागले. खाशाबा १९८४ साली अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. ‘‘पण मास्तर,’’ पोस्टमास्तर आमच्याकडे वळून म्हणाले, ‘‘त्यांस हेलसिंकीस जाण्यासाठी पैसे कोणी दिले, ठाऊक आहे ना? कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी. राहते घर सात हजारांस गहाण टाकून! परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवून ते ऋण फेडले.’’

ही कथा आम्ही पूर्वीही ऐकली होती. परंतु त्या दिवशी, त्या शेतात, आमचा तो विद्यार्थी समोर बसून सुपारी कातरीत असता ती ऐकणे आम्हांस फार जड गेले. त्याचे कारण असे. सन १९९० मध्ये हाच मुलगा दहावीस आमच्या वर्गात होता. चारशे मीटरच्या शर्यतीत त्याने अकोल्यास जिल्ह्यात पहिला क्रमांक पटकाविला आणि अमरावतीस विभागीय सामन्यांकरिता त्याची निवड झाली. वर्गशिक्षक या नात्याने आमची सही हवी होती. आम्ही तो कागद मेजाच्या खणात ठेविला. ‘नाही’ असे आम्ही कधी म्हटले नाही; फक्त मुदत निघून जाऊ दिली. परीक्षा तोंडावर आहे, धावून कोणाचे पोट भरले आहे, आणि याची संस्कृतची रूपे तर अद्याप कच्ची आहेत, असा आमचा विचार. तो पास झाला. आणि पुढे दोन वर्षांनी बाप गेल्यामुळे शेतीच करू लागला. म्हणजे ती रूपेही त्याच्या कामी आली नाहीत.

याच सुमारास वकीलसाहेबांनी कोठून तरी वाचलेले सांगितले की, स्कॉटलंडच्या पार्लमेंटाने १४५७ साली गोल्फवर बंदी घातली होती. कारण काय, तर लोक धनुर्विद्येचा अभ्यास टाकून खेळत बसतात! सगळे हसले. आम्हांस हसू आले नाही.

उन्हे कलली तेव्हा विद्यार्थी जवळ येऊन हळूच म्हणाला, ‘‘गुरुजी, एक इचारायचं व्हतं. पोरीची निवड झाली अमरावतीले, चारशे मीटरमंदी. शिकवनीवाले म्हन्तात, परीक्षा जवळ हाय. तुमी सांगा, धाडू का नोको?’’

त्याच्या स्वरात टोमणा नव्हता; तो असता तर आम्हांस बरे वाटले असते. आम्ही ‘‘धाड,’’ एवढेच म्हणालो. मग मनाचा हिय्या करून त्या खणातल्या कागदाची गोष्टही सांगून टाकली. तो थोडा वेळ जमिनीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, ‘‘मले ठाऊक हाय, गुरुजी. खडू आनाले गेलतो, तवा खनात दिसला मले. पन तुमी माह्या भल्यासाठीच केलं असन.’’ पस्तीस वर्षे ही गोष्ट त्याने मनात ठेविली, आणि प्रत्येक दसऱ्यास सोने द्यावयास तो आमच्या घरी येत राहिला!

परतीच्या वाटेवर आम्हांस तो वाकाटकांचा ताम्रपट आठवला. आम्ही त्यास आजवर स्मारकच समजत आलो होतो. वस्तुतः तो दानपत्र आहे. अथर्ववेदी ब्राह्मणांस एक गाव अग्रहार दिल्याचा लेख. जिवंत माणसांस, त्यांच्या हयातीत, उपयोगी पडावे म्हणून राजाने तो कोरविला. पुढे त्याच्यामुळे राजाचेच नाव टिकले, हा योगायोग. आपण मात्र गेलेल्या खेळाडूंच्या गौरवाची पत्रे कोरीत बसतो, आणि जो समोर धावतो आहे त्याचा कागद खणात ठेवितो.

अमरावतीस आम्ही चौघेही गेलो. वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापिलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ मुलीस दाखविले. तेथील पथकाने १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी व देशी व्यायाम करून दाखविले होते, हेही सांगितले. तिचे लक्ष आमच्या व्याख्यानाकडे नव्हते. ती दोरीवरच्या मल्लखांबाकडे पाहत होती. शर्यतीत तिचा पाचवा क्रमांक आला. शेवटच्या वळणावर तिचा बाप कुंपणाबाहेरून तिच्या बरोबरीने धावत होता, आणि पन्नाशीतही त्याची धाव अगदी वाईट नव्हती.

डॉक्टरांची काठी हल्ली पोस्टमास्तरांकडे असते. पद्मतीर्थावरची भटकी कुत्री हाकावयास ती बरी पडते. मुलीच्या वर्गशिक्षकांनी तिचा कागद त्याच दिवशी सही करून पाठविला होता, हेही येथे नमूद केले पाहिजे.