बोटीवरचा हिशेब : वृंदाला पत्रं

जिनोव्हा, संध्याकाळ

चि. सौ. वृंदास,


बोटीवर चढलो. इथून चिवितावेक्किया, म्हणजे रोमचं बंदर, मग सिसिलीतलं पालेर्मो, माल्टाची राजधानी व्हॅलेटा, एक सबंध दिवस नुसता समुद्र, बार्सिलोना, मार्से आणि परत जिनोव्हा. तुम्ही मंडळी दिवाळीनंतर हीच फेरी करणार आणि पैशांचा कारभार नेहमीप्रमाणे तुझ्या गळ्यात पडणार. म्हणून मी देखावे कमी आणि हिशेब जास्त लिहिणार आहे. देखाव्यांचे फोटो तुझे भावजी ग्रुपवर टाकतीलच. मी हाताने लिहिते आणि बंदरावर वायफाय मिळालं की पानांचे फोटो काढून पाठवते.

बोटीवर रोख चालत नाही. चढताना तुझा फोटो काढतात आणि एक प्लॅस्टिकचं कार्ड देतात. तीच खोलीची किल्ली, तोच चढण्या-उतरण्याचा पास आणि तेच पाकीट. कॉफी घे, टोपी घे, कार्ड दाखव, चालू लाग. सगळं खोलीच्या नावे पडतं आणि शेवटी एकदम वसूल होतं. बँकेत जन्म गेला म्हणून सांगते, हातातून नोट सुटली नाही तर माणसाला खर्च झाल्यासारखं वाटतच नाही. इथली सगळी मांडणी त्यावरच उभी आहे. यात फसवणूक नाही बरं का. प्रत्येक वस्तूची किंमत लिहिलेली असते, फक्त ती वाचायची सवय आपल्याकडून हळूच काढून घेतली जाते.

आता या खात्यामागे पैसे कुठले लावायचे ते ठरवून ये. जिन्यापाशी यंत्रं आहेत, तिथे क्रेडिट कार्ड घालून पिन दाबला की जोडणी झाली. पहिल्या दोन दिवसांत हे केलं नाही तर बोटीचं कार्ड थंड पडतं. जोडणी होताच बोट बँकेकडे काही रक्कम रोखून ठेवते. वसूल करत नाही, नुसती अडकवते. क्रेडिट कार्ड असेल तर तेवढी मर्यादा कमी दिसते, एवढंच. डेबिट कार्ड असेल तर तुझे स्वतःचे पैसे अडकतात, आणि बिल चुकतं झाल्यावरही न लागलेली रक्कम मोकळी व्हायला काही दिवस जातात. फॉरेक्स कार्डाचंही तेच, शिवाय काही बोटी ते घेतच नाहीत. तेव्हा फॉरेक्स कार्ड किनाऱ्यावरच्या खर्चाला आणि क्रेडिट कार्ड बोटीला, अशी वाटणी कर. निघण्यापूर्वी कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करून घे. 2020 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ते आपण मागितल्याशिवाय सुरू होत नाहीत. आमच्या पुढचे एक गृहस्थ यंत्राशी बराच वेळ झटत होते, त्यांचं हेच झालं असावं.

काउंटरवर रोख अनामत भरायचीही सोय आहे. ती संपली की कार्ड चालत नाही, आणि उरलेले पैसे परत घ्यायला शेवटच्या रात्री रांग लावायची. शिवाय एका प्रवासाला नोटांच्या रूपात 3000 डॉलरपर्यंतच परकीय चलन आपल्याला नेता येतं, हे धीरजभावजींना सांग. त्यांना रोखीची फार हौस.

तुझी,
नलूवहिनी


पालेर्मोच्या वाटेवर

वृंदा,

पाण्याबद्दल लिहायचं राहिलं होतं. रात्री टेबलावर पांढरे हातमोजे घातलेला मुलगा येतो आणि "पाणी कुठलं, साधं की बुडबुड्यांचं?" असं इतक्या अदबीने विचारतो की आपण बेसावधपणे "साधं" म्हणून मोकळे होतो. ती बाटली विकतची. वरच्या मजल्यावरच्या बुफेत मात्र यंत्राचं पाणी फुकट आहे. तिथेच सकाळचा चहा आणि साधी कॉफीही. प्रत्येकाची एक रिकामी बाटली बॅगेत टाक. खोलीतल्या छोट्या फ्रिजमधली बाटली, काजूची पुडी, चॉकलेट यांना नुसतं शोभेपुरतं ठेवलंय असं समज.

दारूची पॅकेजेस पहिल्या दिवसापासून डोळ्यांपुढे नाचवतात. रोज माणशी ठरावीक रक्कम भरा आणि हवं तेवढं प्या. पुष्कळ बोटींवर अट अशी की खोलीतल्या एका मोठ्या माणसाने घेतलं तर दुसऱ्यानेही घ्यायचं. आपल्या घरात ओंकार सोडला तर कोण पिणार? आणि तोही संध्याकाळी एखादी बिअर. त्याला सुटी बिअर स्वस्त पडेल. ज्यांचा दिवस पोहण्याच्या तलावाच्या काठी सुरू होऊन तिथेच संपतो, त्यांना पॅकेज परवडतं. आपण तर उजाडताच गाव बघायला पळणारी माणसं.

काल रोमला जाऊन आलो. बोटीची सहल घेतली नाही, कारण किमती बघून तुझ्या भावजींच्या भुवया वर गेल्या त्या खाली येईनात. चिवितावेक्कियाहून रोम साधारण 80 किलोमीटर. बंदरातून फुकट बस लार्गो देल्ला पाचे नावाच्या थांब्याला सोडते, तिथून दुसरी बस स्टेशनला आणि पुढे लोकल गाडी. दोघांचा मिळून खर्च बोटीच्या एका तिकिटाच्या पासंगालाही पुरला नसता. पण त्या महागाईत एक गोष्ट विकत मिळते. बोटीची बस अडकली तर बोट थांबते, नाहीतर तुम्हाला पुढच्या बंदरापर्यंत नेऊन पोचवते. आपल्या हिमतीवर गेलेल्यासाठी कोणी थांबत नाही, आणि परतीची वेळ सुटण्याच्या वेळेच्याही आधीची असते. तुमच्याबरोबर लहानगा अर्णव आहे आणि धीरजभावजींचा गुडघा आहे. रोमला बोटीची बस घ्या. पालेर्मोत बोट शहराच्या कुशीतच लागते, जिनोव्हातही तसंच, तिथे सहलीवर पैसे घालणं म्हणजे चैन. व्हॅलेटात धक्क्याजवळून एक उंच लिफ्ट थेट वरच्या बागेत नेते, ती चुकवू नका.

फोन मात्र विमानात ठेवतो तसाच, फ्लाइट मोडवर ठेव. किनारा सुटला की तो बोटीचं उपग्रहावरचं नेटवर्क आपणहून पकडतो आणि आपण घेतलेलं युरोपचं रोमिंग तिथे सहसा लागू पडत नाही.

नलूवहिनी


भर समुद्रात, व्हॅलेटा ते बार्सिलोना

वृंदा,

आज चहूकडे पाणी. आजच्या दिवशीच बोट सगळ्यात जास्त कमावत असणार, कारण उतरून जायला जागा नाही. दुकानं उघडी, मालिशवाले उघडे, लिलाव चालू. कॅसिनोही आज दिवसभर. बंदरात तो बंद ठेवावा लागतो. आपल्या मांडवीतल्या तरंगत्या कॅसिनोंसारखाच झगमगाट. तिथे खोलीच्या कार्डावर पैसे उचलता येतात आणि उचलण्याचं शुल्क वर पडतं, म्हणजे हरण्याआधीच थोडं हरायचं. मुलांच्या खेळाच्या यंत्रांनाही तेच कार्ड चालतं. अर्णवच्या कार्डावरचा खर्च काउंटरवर सांगून बंद करता येतो. विचारून आले आहे. पहिल्याच दिवशी करून टाक.

आता मुख्य मुद्दा. खात्याच्या पानावर रोज एक रक्कम आपोआप पडते, मोठ्या माणसाला 12 युरो. हे सेवाशुल्क. तिकिटाच्या जाहिरातीत ते नसतं, खाली बारीक अक्षरात असतं. तुम्ही चौघं मोठी, सात रात्री, म्हणजे 336 युरो. युरो शंभर रुपयांच्या घरात धरला तरी 33,600 रुपये, अर्णवचं निराळं. हे पैसे घरूनच बाजूला काढून ठेव, म्हणजे शेवटी पोटात गोळा येणार नाही. अमेरिकी कंपन्यांच्या बोटींवर हिशेब डॉलरमध्ये असतो, दर याहून चढा आणि पेयांवर आणखी 18 ते 20 टक्के वेगळं. हेही लक्षात ठेव, ओंकार पुढल्या वर्षी अलास्काच्या गोष्टी करतो आहे.

बऱ्याच बोटींवर काउंटरला जाऊन हे शुल्क कमी करून घेता येतं किंवा काढूनही टाकता येतं. आपल्या लोकांत ही युक्ती फार प्रिय आहे. जेवणाच्या टेबलावर शेजारी बसणारं एक जोडपं (मुंबईचं, माणसं एरवी फार गोड) रोज सांगतं, शेवटच्या दिवशी काढून टाका, कोणी काही म्हणत नाही. खरंच कोणी काही म्हणत नाही.

आमच्या टेबलाला वाढणारा मुलगा वेंगुर्ल्याचा निघाला. मी मराठी बोलताना ऐकून थबकला आणि दुसऱ्या दिवसापासून मला न मागता लिंबाची फोड मिळू लागली. बोटीवर गोव्याची आणि आपल्या कोकणची मुलं बरीच आहेत. गोव्याच्या माणसांची तर ही पिढीजात वाट, इंग्रजांच्या आगबोटींवर वाढपी आणि आचारी म्हणून त्यांचे आजे-पणजे असायचे. हा मुलगा एका कराराला सात-आठ महिने घरापासून दूर असतो, आणि करार चालू असेपर्यंत सबंध सुटीचा दिवस मिळत नाही म्हणाला. मी त्याला सरळच विचारलं, लोक ते पैसे काढून घेतात तेव्हा तुम्हाला कळतं का? इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "काकी, आमका कोण सांगना नाय, पण पगार घेताना कळता."

त्याच्या हातावर वेगळे पाच-दहा युरो ठेवून खात्यातले काढून घेणं हा हिशेब मला पटत नाही. तो समोर दिसतो म्हणून त्याला मिळतं. खाली भांडी घासणारा, चादरी धुणारा कोणाला दिसतो? कंपनीने हे तिकिटातच घालावं आणि मुलांना पुरा पगार द्यावा, हे माझं मत आहे आणि ते मी अभिप्रायाच्या कागदावर लिहिणारही आहे. पण कंपनीवरचा राग वाढप्यावर काढायचा नाही. काटकसर करायचीच तर फोटोवर कर. जिन्यापाशी खलाशाचे, डॉल्फिनचे पोशाख घालून लोक उभे असतात, खांद्यावर हात टाकून फोटो काढतात आणि तो संध्याकाळी भिंतीवर टांगतात. एकेक फोटो 20 युरो. काढून घेतला म्हणजे विकत घ्यायलाच हवा असं नाही, भिंतीवर बघून पुढे जायचं. तुझ्या भावजींनी डॉल्फिनबरोबरचा घेतला. त्यावर अधिक लिहीत नाही.

कोणी आजारी पडलं तर बोटीवर डॉक्टर आहे, पण त्याची फीही खात्यात पडते आणि ती आपल्या दवाखान्यासारखी नसते. प्रवासविम्याकडून मागाहून मिळते. त्यासाठी बिल आणि निदानाचा कागद दोन्ही मागून घे.

नलूवहिनी


मार्सेहून निघाल्यावर, शेवटची रात्र

वृंदा,

बॅगा दाराबाहेर ठेवायच्या आहेत, रंगीत पट्ट्या बांधून. त्यामुळे हे घाईत.

रोज रात्री खोलीतल्या टीव्हीवर खात्याचं पान उघडून बघायचं. मी पासबुक तपासावं तसं बघत आले. काल त्यात दोन कापुचिनो दिसल्या, वेळ दुपारची, जेव्हा आम्ही बार्सिलोनात होतो. काउंटरवर गेले. त्या मुलीने बोटीवरून उतरल्याची आमची नोंद बघितली आणि दोन मिनिटांत रक्कम वळती केली. त्या वेळी तिथे माझ्याशिवाय कोणी नव्हतं. आत्ता तिथे काय चाललंय ते बघून आले: रांग नाटकगृहाच्या दारापर्यंत गेली आहे, कोणी बाटली नाकारतंय, कोणी सेवाशुल्क काढायला आलंय, रोखवाले उरलेली अनामत मागताहेत, आणि काउंटरवरच्या मुलींचे चेहरे मार्चअखेरच्या कॅशियरसारखे झाले आहेत. तपासणी रोजची रोज उरक, म्हणजे या रांगेत उभं राहावं लागणार नाही. सही केलेल्या चिठ्ठ्या एका पाकिटात ठेव.

तुमच्या एजंटाने बोटीवर खर्चायला काही रक्कम भेट दिली असेल तर ती खात्यात जमा दिसते आहे ना, हे पहिल्याच दिवशी बघ. त्यातली बरीचशी परत न मिळणारी असते. वापरली नाही तर गेली. ती सेवाशुल्कात वळती होते का ते आधी विचार. होत असेल तर उगाच अत्तरं घ्यायला नकोत.

नलूवहिनी


जिनोव्हा, स्टेशनवरून

वृंदा,

उतरलो. पहाटे बिलाचा कागद दारात होता. कार्ड जोडलेलं असलं की काही करावं लागत नाही, रक्कम आपोआप जाते. आमचं बिल 234 युरो: सेवाशुल्क 168, कॉफी आणि बाटल्या 46, डॉल्फिन 20.

आपली बँक यावर आपलं काढणार. माझ्या कार्डाला परकीय चलनाचं शुल्क साडेतीन टक्के आहे आणि त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी, मिळून 4.13 टक्के, म्हणजे 234 चे 243 युरो 66 सेंट. काही कार्डांना हेच शुल्क दोन टक्के असतं, ओंकारचं कोणतं आहे ते बघून तेच जोड. दुकानात किंवा बोटीवर यंत्राने "रुपयांत की युरोत?" असं विचारलं तर युरोच सांग. रुपयांचा दर तिथला व्यापारी लावतो आणि तो आपल्या बँकेपेक्षा महाग पडतो.

घरी परतल्यावर महिनाभर कार्डाच्या स्टेटमेंटवर लक्ष ठेव, उतरल्यानंतरही मागाहून एखादी रक्कम पडू शकते. बिलाचा कागद तोवर टाकू नकोस. आणि ते सेवाशुल्क, धीरजभावजी कितीही मागे लागले तरी, काढून घेऊ नकोस.

तुझी,
नलूवहिनी